फाट्यावरचा लिंब

बाजाररस्त्यावर आमच्या गावाचा फाटा लागतो, तिथं एक लिंब आहे. त्याच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक वण आहे. साल चारी बाजूंनी आत वळून आलीय, पण मधलं लाकूड अजून उघडं दिसतं. हल्लीची पोरं म्हणतात, कुणीतरी कुऱ्हाड घातली असंल. कुऱ्हाड नाही ती. तो वण माझ्या राजदूत गाडीचा आहे, 1989 सालचा.

आधी जागा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचा भाग नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा. बाजाररस्ता पूर्व-पश्चिम जातो. पूर्वेला बाजाराचं गाव, पश्चिमेला आमची वस्ती. त्याला आडवा छेदून दुसरा रस्ता जातो, तो दक्षिण-उत्तर. दक्षिणेला चारीकडची भावकीची रानं, उत्तरेला गाव आणि गावातली डेअरी. दोन रस्ते मिळतात तिथं मोरी आहे, तिला दगडी कठडे आहेत. वायव्येच्या कोपऱ्यात लिंब. आग्नेयेच्या कोपऱ्यात ऊस. तो ऊस तेव्हाही माझा होता, आजही माझाच आहे.

दिवाळी होऊन महिना झाला होता. ऊस तुऱ्यावर आलेला, माणसाच्या दुप्पट उंच. मी बाजार करून पूर्वेकडून घरी चाललो होतो. गाडीला पिशव्या अडकवलेल्या. दिवस मावळायला आलेला आणि लाईट यायची वेळ झालेली. आल्या आल्या मोटर चालू केली नाही तर पाण्याची पाळी हातची जाणार, एवढंच डोक्यात होतं. त्याच वेळी माझा चुलतभाऊ बापू चारीकडून, म्हणजे दक्षिणेकडून, डेअरीला दूध घेऊन निघाला होता. त्याचीही राजदूतच. मागं दोन्ही अंगाला चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन, काठोकाठ भरलेले.

उसानं त्याला मी दिसलो नाही, मला तो दिसला नाही. मोरीच्या कठड्यासमोर माझ्या गाडीचं पुढचं चाक त्याच्या गाडीच्या उजव्या अंगात घुसलं. त्याचा उजवा पाय मधी सापडला. दोन्ही गाड्या एकमेकींत अडकल्या आणि आम्हा दोघांना घेऊन घसरत थेट लिंबाच्या बुंध्यावर जाऊन बसल्या. डांबरावर मोरीपासून पांढरा ओरखडा उठला होता, तो पुढं मुरमात लिंबापर्यंत गेलेला. उजव्या बाजूचा कॅन चेपून गाडीतच राहिला. डावा कॅन निसटला. तो उत्तरेला, डेअरीच्या रस्त्याकडेला गटारीत सापडला. त्याचं झाकणसुद्धा निघालं नव्हतं.

मला मुका मार लागला. बापूच्या पायात रॉड घातला. तो पाय पुन्हा सरळ पडला नाही.

महिन्याभरानं मारुतीच्या देवळात भावकी बसली. दवाखान्याचा खर्च कुणी द्यायचा हा प्रश्न. पोलिसांत कुणी गेलं नव्हतं, घरातली गोष्ट घरात मिटवायची होती. मला विचारलं. मी म्हणालो, “मी वीसच्या आत होतो. पिशव्या होत्या, अंधार पडत होता, मी कशाला पळवीन? बापूच भरधाव आला. त्याला डेअरीची वेळ गाठायची होती.”

बापूला विचारलं. तो भिंतीला टेकून बसला होता, पाय लांब करून. तो एवढंच म्हणाला, “मी सावकाश होतो.” मग जरा वेळानं म्हणाला, “कॅन सरळ गेला की.” कुणाला काही कळलं नाही. एक म्हातारा म्हणाला, “कॅनचं काय घेऊन बसलास, पायाचं बोल.” बापू गप्प बसला.

मी 1977 ला दहावी झालेला. पॅन्ट घालणारा, सोसायटीचे कागद लिहून देणारा. बापूनं चौथीत शाळा सोडली होती. कुणाचं म्हणणं खरं ठरलं असंल ते सांगायला नको. ठराव झाला, ज्याचा खर्च त्यानं करायचा. बापूनं दोन म्हशी विकल्या. दुधाचं रतीब गेलं. पुढं लग्नाकार्यात आणि मातीला आम्ही एकमेकांसमोर यायचो, “बरं आहे का” म्हणायचो, त्याच्यापुढं बोलणं जायचं नाही.

मी खोटं बोललो असं त्या दिवशी मला वाटलं नव्हतं, हेही लिहायला पाहिजे. गाडी चालवताना मी काट्याकडं बघितलंच नव्हतं. बैठकीत वीस म्हणालो. मग घरी तेच सांगितलं, पाव्हण्यांना तेच सांगितलं. दहा वेळा सांगितलं की आपल्यालाच ते डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटायला लागतं.

गेल्या दिवाळीत नात सुट्टीला आली. आम्ही तिला चिमी म्हणतो. तालुक्याच्या गावी अकरावी सायन्सला आहे. दुपारी ओसरीवर पुस्तक घेऊन बसली होती, पेन्सिल चावत.

“काय अडलंय गं?”

“आबा, तुम्हाला नाही कळायचं. संवेग आहे. टू डायमेन्शनमधला.”

संवेग म्हटल्यावर माझे कान टवकारले. हा शब्द मी शाळेत घोकलेला. वस्तूचं वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. दोन वस्तूंची टक्कर झाली आणि बाहेरून कुणी ढकललं-ओढलं नाही तर टकरीआधीचा दोघींचा मिळून संवेग आणि टकरीनंतरचा मिळून संवेग सारखाच. हे मी तिला घडाघडा म्हणून दाखवलं. तिला हसू आलं.

“तेवढं मला येतंय. ते एका रेषेतलं झालं. समोरासमोर धडक असली तर. इथं तिरकं लागलंय. सर म्हणतात दोन समीकरणं मांडा, एक आडवं, एक उभं. पण टक्कर एकच झाली ना? मग दोन हिशेब कशाला?”

याचं उत्तर मला शाळेत कुणी दिलं नव्हतं. पण कॅरम ओसरीवरच होता. मी म्हटलं, बोर्ड आण. पावडर टाकली. मधोमध एक सोंगटी ठेवली आणि स्ट्रायकर नेमका मधे न मारता जरा कडेला मारला. सोंगटी उजवीकडं तिरकी गेली, स्ट्रायकर पुढंच गेला पण जरासा डावीकडं वळून.

“परत मारा,” ती म्हणाली. पाच-सहा वेळा मारला. दर वेळी तेच. सोंगटी उजवीकडं गेली की स्ट्रायकर डावीकडं सरकणारच. दोघं एकाच बाजूला गेले असं एकदाही झालं नाही.

“आता सांग,” मी म्हटलं, “मारायच्या आधी डावी-उजवीकडं काही हालचाल होती का?”

“नाही. स्ट्रायकर सरळच चालला होता. बाजूचा संवेग शून्य.”

“मग नंतर?”

ती जरा थांबली. “नंतरही शून्यच पाहिजे. म्हणून सोंगटीचा उजवीकडचा आणि स्ट्रायकरचा डावीकडचा सारखा. एकमेकांना खाऊन टाकतात. आणि स्ट्रायकर जवळजवळ तिप्पट जड आहे, म्हणून तो बाजूला थोडाच सरकतो, सोंगटी तिप्पट वेगानं पळते. गुणाकार सारखाच!”

तिचं तिलाच उमगलं. मी म्हटलं, आम्ही लहानपणी गोट्या खेळायचो तेव्हाचं सांगतो. दोन्ही गोट्या सारख्या वजनाच्या, एक थांबलेली, दुसरीनं तिला कडेला टोला दिला, तर दोघी अशा फाकतात की मधे जवळपास काटकोन होतो. नेम मारताना आम्ही हे धरूनच चालायचो. मारलेली गोटी तिकडं गेली तर आपली कुठं जाणार, हे टोला द्यायच्या आधी ठाऊक असायचं. ती म्हणाली, तो काटकोन पुस्तकातही आहे, पण दोघींचं वजन सारखं असलं आणि टकरीत ताकद वाया गेली नाही तरच. स्ट्रायकर जड, म्हणून कॅरममध्ये कोन लहान होतो.

तरी तिचा मूळचा प्रश्न राहिलाच होता. दोन हिशेब कशाला? मी तिला ओसरीवरूनच रान दाखवलं. उसाच्या सऱ्या दक्षिण-उत्तर आहेत, बांध पूर्व-पश्चिम. म्हटलं, समज तू त्या कोपऱ्यापासून ह्या कोपऱ्यापर्यंत रानातून तिरकी चाललीस. वाट एकच. पण त्यात किती सऱ्या ओलांडल्यास ते वेगळं मोजता येतं, आणि सरीच्या अंगानं किती पावलं पुढं आलीस ते वेगळं. सऱ्या ओलांडल्यानं सरीच्या अंगाचं अंतर वाढत नाही. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळत नाहीत.

“म्हणजे दोन वह्या,” ती म्हणाली. “पूर्व-पश्चिमची वही वेगळी, दक्षिण-उत्तरची वेगळी. टकरीत एका वहीतलं दुसऱ्या वहीत जात नाही. दोन्ही वह्या आपापल्या जागी जुळल्याच पाहिजेत.”

“हां.”

तिनं पान उलटलं. “पुढचं सोपं आहे मग. टकरीनंतर दोन्ही वस्तू चिकटून एकच झाल्या तर. एक पूर्वेकडून आली, एक दक्षिणेकडून. चिकटल्या. तर त्या मधल्याच कुठल्यातरी दिशेनं जाणार. ज्याचा संवेग जास्त, त्याच्याकडं जास्त झुकून. नुसती दिशा बघितली तरी कळतं, कुणाचा जास्त होता.”

मी काही बोललो नाही. तिनं दोनदा “आबा” म्हटलं तेव्हा “हां” म्हणालो आणि जनावरांना वैरण टाकायला उठलो. वैरण सकाळीच टाकून झाली होती.

रात्री झोप आली नाही. पहाटे चिमीला उठवलं आणि म्हटलं, “टेप घे. फाट्यावर जायचंय.”

रस्ता आता रुंद झालाय, डांबर चार वेळा नवं पडलंय, ओरखडा कधीच गेला. पण मोरीचे कठडे तेच आहेत आणि लिंब तोच. टक्कर कठड्यासमोर कुठं झाली ती जागा मी डोळे मिटून दाखवीन. तिथं खूण केली. तिथून पश्चिमेला लिंबाच्या समोर येईपर्यंत टेप धरली, बावीस फूट. तिथून उत्तरेला बुंध्यापर्यंत, अकरा फूट.

चिमीला सगळं माहीत नव्हतं. बापूआजोबा लंगडतात आणि आपल्या घराशी त्यांचं बोलणं नाही, एवढंच ठाऊक. मोरीच्या कठड्यावर बसून मी तिला सांगितलं. ऐकून ती म्हणाली, “आबा, नक्की करायचं का?”

“कर.”

वहीत तिनं दोन रेघा काढल्या. एक पश्चिमेला, एक उत्तरेला. “टक्कर व्हायच्या आधी तुम्ही फक्त पश्चिमेला चालला होता. उत्तरेकडं तुमचा संवेग शून्य. बापूआजोबा फक्त उत्तरेला, पश्चिमेकडं त्यांचा शून्य. गाड्या अडकून लिंबाकडं गेल्या त्यात पश्चिमेचा जेवढा भाग आहे तो सगळा तुमचा, उत्तरेचा सगळा त्यांचा. पश्चिमेला बावीस, उत्तरेला अकरा. म्हणजे तुमचा संवेग त्यांच्या दुप्पट.”

“पण गाड्या लिंबाला अडकून थांबल्या. नाहीतर आणखी गेल्या असत्या.”

“कितीही जाऊ देत. अंतर नकोच आपल्याला, दिशा पाहिजे. घसरताना रस्ता त्यांना मागं ओढतो ते जातात त्या रेषेतच. वेग कमी होतो, रेषा फारशी बदलत नाही.”

मग वजनं मांडली. गाडी एकशेवीस किलो धरली. मी साठ, पिशव्या दहा. माझे झाले एकशेनव्वद. बापूची गाडी एकशेवीस, तो चौसष्ट, दुधानं भरलेला कॅन अठ्ठेचाळीस, असे दोन. त्याचे झाले दोनशेऐंशी. ती हिशेब करताना मी लिंबाकडं बघत होतो.

“बापूआजोबा जड होते. तरी तुमचा संवेग दुप्पट. म्हणजे तुमचा वेग त्यांच्या जवळजवळ तिप्पट.”

मी सहजासहजी मानलं नाही. म्हटलं, “डावा कॅन निसटला होता. तो काय आमच्याबरोबर लिंबाकडं आला नाही. तो कशाला धरायचा?”

तिनं विचार केला. “बरोबर आहे. तो सरळ उत्तरेला गेला म्हणजे त्याला तुमचा धक्का बसलाच नाही. तो आपला संवेग आपल्याबरोबर घेऊन गेला. त्याला वगळू.” दोनशेऐंशीतून अठ्ठेचाळीस गेले, दोनशेबत्तीस राहिले. पुन्हा मांडलं. तिपटीवरून अडीचपटीच्या जरा खाली आलं. तिच्याखाली काही येईना.

“ताकद वाया गेली ती? दोन्ही गाड्यांची चाकं वाकली, आवाज झाला, दूध सांडलं. ती धरायला नको?”

“ती ऊर्जा, आबा. ऊर्जा मोडतोडीत जाते. संवेग तसा जात नाही. तुमच्या गाडीनं त्यांच्या गाडीला जेवढा धक्का दिला, तेवढाच त्यांच्या गाडीनं तुमच्या गाडीला उलटा दिला, तेवढाच वेळ. एकाचं कमी झालं ते दुसऱ्याला मिळालं, बेरीज तीच. पत्रा वाकला तरी बेरीज वाकत नाही.”

मी अजून एक करून बघितलं. तिला म्हटलं, मी बैठकीत जे सांगितलं ते खरं धर. मी वीसनं आणि बापू चाळीसनं. गाड्या कुठं गेल्या असत्या? तिनं मांडलं. पश्चिमेला एकशेनव्वद गुणिले वीस, तीन हजार आठशे. उत्तरेला, कॅन वगळून, दोनशेबत्तीस गुणिले चाळीस, नऊ हजार दोनशेऐंशी. म्हणजे पश्चिमेला एक फूट जाईपर्यंत उत्तरेला जवळजवळ अडीच फूट. गाड्या डेअरीच्या रस्त्याच्या कडेनं गेल्या असत्या. लिंबाला लागल्याच नसत्या.

“आणि मी वीसनं होतो एवढंच खरं धरलं तर?”

“मग बापूआजोबा आठनं.”

आठनं भरल्या कॅनची गाडी मुरमाच्या रस्त्यावर धड तोलसुद्धा धरत नाही. दूध घालणारा माणूस पंधरा-वीसनं चालतो, जास्त पळवलं तर झाकणातून दूध हिंदळतं. बापू पंधरानं असंल तर मी सदतीसनं होतो. तो वीसनं असंल तर मी पन्नासच्या घरात. मावळतीला, उसाच्या आडोशानं, फाट्यावर.

चिमी म्हणाली, “हे अगदी बिनचूक नाही, आबा. वजनं आपण अंदाजानं धरली. गाडीचा कुठला भाग रस्त्यात रुतला असंल तर दिशा थोडी बदलली असंल.” पोरगी मला सावरायला बघत होती. पण थोडं इकडंतिकडं झालं तरी अडीचपटीचं उलटं होत नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

घरी जाताना तिनं एक गोष्ट सांगितली. त्यांच्या सरांनी वर्गात सांगितलेली. देकार्त म्हणून मोठा फ्रेंच विद्वान होऊन गेला. त्यानं 1644 साली छापलेल्या ग्रंथात लिहिलं की जगातली एकूण गती कायम राहते. गती म्हणजे आकारमान गुणिले वेग. पण त्यात त्यानं दिशा धरली नाही. त्यामुळं त्याचे टकरीचे बरेचसे नियम चुकले. मग 1668 साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं टकरीचे नियम मागवले आणि वॉलिस, रेन आणि हॉलंडचा हायगेन्स यांनी आपापली मांडणी पाठवली. दिशा धरल्याबिगर हिशेब जुळत नाही, हे तिथं पक्कं झालं. पुढं न्यूटननं 1687 च्या ग्रंथात त्याला पाया घातला. मला बरं वाटावं म्हणून तिनं ते सांगितलं असणार, एवढा मोठा माणूससुद्धा चुकला म्हणून. पण देवळात आम्ही सगळे नुसतं कोण जोरात होता ते बोलत बसलो होतो. गाड्या कुठं गेल्या हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उठून फाट्यावर जावं लागलं असतं, आणि तिथं ओरखडा होता.

चार दिवसांनी मी बापूच्या वस्तीवर गेलो. चिमीनं काढलेला कागद खिशात होता. बापू गोठ्यासमोर बाजेवर बसून दावं वळत होता. मला बघून हातातलं थांबलं.

“ये अण्णा. बस.”

बसलो. कागद काढून त्याच्या पुढं धरला. त्यानं चष्मा लावून बघितला, उलटा-सुलटा केला.

“मला ह्यातलं काय कळतंय? तोंडानं सांग.”

तोंडानं सांगणं अवघड होतं, पण सांगितलं. दोन वह्या सांगितल्या. बावीस फूट, अकरा फूट सांगितलं. माझा वेग त्याच्या अडीचपट निघाला ते सांगितलं. देवळात मी जे बोललो ते खरं नव्हतं, हे सांगितलं. तो दाव्याचा पीळ बोटांनी चाचपत ऐकत होता.

बराच वेळ गेला. मग म्हणाला, “डावा कॅन कुठं घावला होता, आठवतंय का तुला?”

“उत्तरेला. डेअरीच्या वाटेवर, गटारीत.”

“सरळ गेला. मी चाललो होतो तसाच सरळ गेला. दवाखान्यात पडल्या पडल्या मी हेच म्हणायचो मनात. कॅनला कुणी ढकललं न्हाई, तो सरळ गेला. मला आणि गाडीला लिंबाकडं कुणी नेलं? मी भरधाव असतो तर मी बी कॅनच्याच वाटंनं गेलो असतो की.” तो हसला. “पण बैठकीत ते सांगायचं कसं ते कळंना. तुमची सगळ्यांची तोंडं बघितली आणि गप बसलो.”

चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला हे त्याच आठवड्यात कळलं होतं. मला दहावी होऊन, संवेगाची व्याख्या पाठ असून, छत्तीस वर्षं लागली. बापूला शब्द नव्हते म्हणून त्याचं ऐकलं नाही. माझ्याकडं शब्द होते म्हणून कुणी टेप लावली नाही.

त्याच्या बायकोनं चहा आणला. ती माझ्याकडं न बघता कप ठेवून गेली. तिचं बरोबर होतं. पायावर तिनं तेल चोळलंय, म्हशी तिच्या हाताखालून गेल्यात.

“तुझं चुकलं म्हणायला आलायस का?” बापूनं विचारलं.

“व्हय.”

“एकट्याचं न्हाई. मी बी हॉर्न वाजवला न्हवता.”

“तुझं तू बघ. माझं मी सांगितलं.”

म्हशींच्या पैशाचं काय करायचं ते आम्ही दोघांनी पुढं ठरवलं, ते इथं लिहीत नाही. पण सप्ताहाच्या काल्यादिवशी, जेवणं झाल्यावर, ज्या देवळात मी 1989 ला बोललो होतो तिथंच उभा राहून मी हे सगळं सांगितलं. तेव्हाच्या बैठकीतली बरीचशी माणसं आता राहिली नाहीत. नव्या पोरांना कशाचं काय ते कळलं नसंल. एक-दोन म्हाताऱ्यांनी मात्र मान वर करून बापूकडं बघितलं. बापू त्याच भिंतीला टेकून बसला होता, पाय लांब करून.

जानेवारीत सुरू उसाची लागण केली. सऱ्या पाडायला ट्रॅक्टर आला तेव्हा मी फाट्याच्या कोपऱ्यातल्या सहा सऱ्या सोडायला सांगितल्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “अण्णा, सोन्यासारखी जागा आहे, वाया कशाला घालवता?” मी म्हटलं, तिथं मेथी-कोथिंबीर लावायची. गुडघ्याच्या वर जाणारं काही लावायचं नाही.

संध्याकाळी बापूचा नातू डेअरीला जाताना तिथं गाडी हळू करतो. आता त्याला पूर्वेचा रस्ता लांबपर्यंत दिसतो.